दर्यात सांडलेल्या तेलाचा हिशेब कोणाकडून घ्यायचा?

दिवा जंक्शनवरून वसई-पनवेल मार्गाने कंटेनरच्या मालगाड्या न्हावा शेवा बंदराकडे जातात, हे या भागातील प्रत्येकजण पाहतो. आपला भिवंडी, कल्याण, उल्हासनगरचा माल ट्रकने त्याच बंदरात पोहोचतो. बंदराच्या फाटकापर्यंत आपला व्यापारी मालाची जिवापाड काळजी घेतो. गाठी मोजतो, पॅकिंग तपासतो, एजंटाला दहा फोन करतो. एकदा बिल ऑफ लेडिंग हाती पडले की मात्र सुटलो असे मानतो. पुढे समुद्रात कोणता कायदा चालतो, जहाजाने तेल सांडले तर त्याला कोण पकडतो, भरपाई कोण देतो, हा सरकारचा आणि वकिलांचा विषय आहे असा बाजारात समज आहे.

हा समज बरोबर नाही. जहाजाच्या प्रदूषणाचा कायदा आपल्याला दोन बाजूंनी लागू पडतो. जहाज बुडाले, बंदर बंद पडले की नुकसान आपले होते. आणि आपण पाठविलेल्या पेटीतील मालामुळे जहाज पेटले तर जबाबदारीही आपली होते. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे. विषय किचकट आहे, पण व्यापाऱ्याला समजण्यासारखा आहे. कारण त्याचे मर्म उधारीच्या मर्माहून वेगळे नाही. जहाज बंदरात उभे आहे तोवर कायद्याच्या हातात काहीतरी आहे. ते निघून गेले की हातात फक्त कागद उरतो.

कायदा कोणाचा?

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र भारताचा प्रादेशिक समुद्र आहे. त्यापुढे 200 मैलांपर्यंत आपले विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तेथील मासळी, तेल आणि वायू यांवर आपला हक्क आहे, पण जहाजांना येण्याजाण्याची मोकळीक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा कराराने हे ठरले आणि भारताने तो 1995 मध्ये मान्य केला.

जहाजावर पहिला अधिकार त्याच्या झेंड्याच्या देशाचा. येथेच पहिली मेख आहे. जहाजाचा मालक एका देशाचा, कप्तान दुसऱ्या देशाचा, खलाशी चार देशांचे आणि झेंडा पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांचा. मालक तेथे कधी गेलेलाही नसतो. नोंदणीची फी भरली की काम झाले. अशा देशाने आपल्याच गिऱ्हाइकाला शिक्षा करावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे दलालाने आपल्याच पार्टीविरुद्ध पंचायत बोलवावी अशी अपेक्षा ठेवणे होय. काही देश जिम्मेदारीने वागतात, काही वागत नाहीत.

दुसरा अधिकार किनाऱ्याच्या देशाचा. पण 12 मैलांच्या बाहेर हा अधिकार बराच आवळलेला आहे. मोठे नुकसान झाल्याचा स्पष्ट पुरावा असेल तरच जहाज अडवून ठेवता येते. दोषी ठरले तरी तेथे शिक्षा फक्त दंडाची, कैदेची नाही. वर जहाजाने योग्य तारण किंवा हमी दिली की त्याला सोडावे लागते. झेंड्याचा देश सहा महिन्यांच्या आत खटला आपल्याकडे घेतो म्हणाला तर, मोठे नुकसान झालेले नसल्यास, आपला खटला थांबतो.

तिसरा अधिकार बंदराच्या देशाचा आणि आमच्या मते सर्वांत कामाचा तोच. जहाज धक्क्याला लागले की तपासनीस वर चढू शकतो, कागद मागू शकतो, दोष दुरुस्त होईपर्यंत जहाज रोखू शकतो. उभ्या जहाजाचे भाडे रोज बुडते, म्हणून मालकाला हीच शिक्षा सर्वांत जास्त झोंबते. हिंदी महासागरातील देशांनी अशा तपासणीसाठी 1998 मध्ये आपसात करार केला. एका बंदरात पकडलेल्या जहाजाची माहिती त्यामुळे दुसऱ्या देशाच्या बंदरालाही मिळते. या कराराचे सचिवालय आपल्या शेजारी गोव्यात आहे. आपल्याकडे हे काम कांजूरमार्गच्या नौवहन महासंचालनालयाच्या देखरेखीखाली चालते. समुद्रातील तेल आवरण्याची जबाबदारी तटरक्षक दलाकडे असून त्यासाठीची राष्ट्रीय आपत्ती योजना 1996 पासून आहे.

रोजकीर्द पकडून देते

जहाजांच्या प्रदूषणाविषयीचा जागतिक करार 1973 चा आणि त्यात 1978 साली भर घातलेला आहे. त्याला मार्पोल म्हणतात. भारत त्यात 1986 मध्ये सामील झाला. त्याचा साधा नियम असा : इंजिनखोलीच्या तळाशी जे तेलकट पाणी साचते, ज्याला बिल्ज म्हणतात, ते तसेच समुद्रात सोडायचे नाही. यंत्रातून गाळायचे आणि दहा लाख भाग पाण्यात तेलाचे 15 भागांपेक्षा जास्त नसतील तरच, चालत्या जहाजातून सोडायचे. उरलेला गाळ टाकीत साठवून बंदरात पैसे देऊन उतरवायचा. प्लास्टिक तर समुद्रात कोठेही टाकायचे नाही.

पैसे देऊन उतरवायचा, येथे दुसरी मेख आहे. रात्रीच्या अंधारात एक नळी जोडून गाळणी यंत्राला वळसा घातला की सगळा गाळ फुकटात समुद्रात जातो. जगभरच्या जहाजांवर या चोरनळीला मॅजिक पाइप म्हणतात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबरासारखे काळे गोळे येऊन पडतात, अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला चिकटतात. ते असेच सोडलेल्या आणि सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले अवशेष असतात. तटरक्षक दलाचे विमान वरून तवंग पाहू शकते. तवंगातील आणि जहाजाच्या टाकीतील तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जुळवूनही पाहता येतो. पण गोळा किनाऱ्याला लागेपर्यंत जहाज कोठल्या कोठे गेलेले असते. तो कोणत्या जहाजाचा, हे बहुतेक वेळा सिद्ध होत नाही.

मग चोर सापडतो कसा? तो सापडतो वहीत. प्रत्येक मोठ्या जहाजावर ऑइल रेकॉर्ड बुक ठेवावे लागते. किती तेल भरले, किती जळाले, किती गाळ निघाला, तो कोठे उतरविला, याची नोंद करून अधिकाऱ्याची सही घ्यायची, प्रत्येक पान भरले की कप्तानाची सही घ्यायची आणि शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे वही जपायची. ही जहाजाची रोजकीर्दच म्हणा. ज्याने कधी सेल्स टॅक्सच्या अधिकाऱ्यापुढे आपली वही उघडली आहे त्याला पुढचे सांगायला नको. गाळ दर महिन्याला अमुक इतका निघतो आणि बंदरात उतरविल्याची पावती एकही नाही, तर बाकीचा गेला कोठे? अमेरिकेने याच वहीच्या जोरावर मोठमोठ्या कंपन्यांना नमविले आहे. परक्या झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेपासून दूर समुद्रात तेल सोडले तर तो गुन्हा अमेरिकेच्या हद्दीबाहेरचा असतो. पण खोटी वही घेऊन अमेरिकेच्या बंदरात येणे हा तेथील गुन्हा आहे. प्रिन्सेस क्रूझ या कंपनीने 2016 मध्ये गुन्हा कबूल करून 4 कोटी डॉलर दंड मान्य केला. ती चोरी उघडकीस आणली नव्याने नोकरीला लागलेल्या एका इंजिनियरने. 2013 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ त्याने प्रकार पाहिला आणि साउथॅम्प्टनला उतरून अधिकाऱ्यांना सांगितले. अमेरिकन कायद्यात अशा खबर देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देण्याची सोय आहे. आपल्याकडे अशी सोय असती तर किती चोरनळ्या बाहेर आल्या असत्या, हा विचार मनात येतोच.

रत्नागिरी आणि रायगडच्या कितीतरी घरांतली, आणि आता मुंब्रा-कौसा-दिव्यातली मुले जहाजांवर नोकरी करतात. त्यांच्यासाठी येथे एक शब्द जादा लिहितो. चोरनळी जोडण्याचा हुकूम तोंडी असतो, सही मात्र मुलाची असते. कायदा सही पाहतो. आणि कधी कधी तर चूक नसतानाही माणूस अडकतो. डिसेंबर 2007 मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या हेबेई स्पिरिट या टँकरला ओढदोर तुटलेली क्रेनची तराफा-नौका येऊन धडकली आणि 10 हजार टनांहून अधिक कच्चे तेल सांडले. उभ्या टँकरच्या भारतीय कप्तानाला आणि चीफ ऑफिसरला डिसेंबर 2008 मध्ये तुरुंगात टाकले. जगभरच्या खलाशी संघटनांनी आवाज उठविला, तरी त्यांना मायदेशी येण्यास जून 2009 उजाडला. मालक आणि विमा कंपनी दूर असतात. हातात सापडतो तो नोकर.

मुंबईच्या तोंडावर

आता आपल्या दारातली हकीकत. 7 ऑगस्ट 2010, शनिवार सकाळ. एमएससी चित्रा हे पनामाच्या झेंड्याचे कंटेनर जहाज न्हावा शेवाहून निघाले होते. समोरून खलिजिया-3 हे जहाज मुंबई बंदराकडे येत होते. बंदराच्या तोंडाशीच दोघांची टक्कर झाली. चित्रा एका बाजूला इतके कलले की डेकवरचे कंटेनर खेळण्यातील ठोकळ्यांसारखे पाण्यात घसरले. जहाजावर सुमारे 1,200 कंटेनर होते. त्यांपैकी काहींत कीटकनाशके होती. खलाशांना सुखरूप काढले. पण सुमारे 800 टन इंधन तेल समुद्रात गेले. काळा तवंग एलिफंटा, उरण आणि अलिबागपर्यंत पोहोचला आणि तिवरांच्या मुळ्या तेलाने माखल्या. तिवरांत मासळीची पिल्ले वाढतात, हे कोळी बांधवांना सांगावे लागत नाही. पैसे देऊनही ती मुळी धुता येत नाही, हे मात्र शहरातील लोकांना सांगावे लागते.

बाजारावर काय परिणाम झाला ते पाहा. तरंगणारे आणि बुडालेले कंटेनर दुसऱ्या जहाजाच्या बुडाला फाडतील या भीतीने जलमार्ग बंद झाला आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. रमजान सुरू व्हायला चार-पाच दिवस उरले होते, ईदचा माल आखाताकडे जाण्याचा हंगाम होता. तारखेवर माल पोहोचला नाही तर आखातातील गिऱ्हाईक काय करते, हे वाचकांना ठाऊक आहे. दुसरीकडे मासळीत विष आहे या भीतीने लोकांनी मासे घेणे थांबविले. ज्याची होडी तेलात गेली नव्हती त्याचीही टोपली परत आली. या नुकसानीची पावती कोण फाडणार?

पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, चौकश्या बसल्या, वाहतूक नियंत्रणावर लेख लिहिले गेले. पण कायद्याची खरी गोची भरपाईत होती. टँकरमधील तेल सांडले तर मालकाने बिनशर्त भरपाई द्यावी, त्यासाठी विमा ठेवावा, असा जागतिक करार फार पूर्वीपासून आहे. चित्रा टँकर नव्हते. सांडले ते त्याच्या स्वतःच्या इंजिनाचे इंधन. अशा इंधनासाठीचा वेगळा करार 2001 चा असून तो 2008 मध्ये अमलात आला. 2010 साली भारत त्यात नव्हता. म्हणजे आग लागली तेव्हा घरात विहीर होती, पण दोर नव्हता.

एक वर्ष गेले नाही तोच, 4 ऑगस्ट 2011 रोजी, एमव्ही राक कॅरियर हे जहाज मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडाले. इंडोनेशियाहून गुजरातच्या दहेजकडे 60 हजार टन कोळसा चालला होता. टाक्यांत सुमारे 290 टन इंधन तेल आणि 50 टन डिझेल होते. या वेळी टक्कर नव्हती, वादळ नव्हते. जहाजच समुद्रात जाण्याच्या लायकीचे राहिलेले नव्हते. एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. न्यायाधिकरणाने ऑगस्ट 2016 मध्ये निकाल दिला : जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांनी 100 कोटी रुपये आणि कोळशाचा मालक असलेल्या अदानी एंटरप्रायझेसने 5 कोटी रुपये पर्यावरण भरपाई भरावी.

या निकालातील दुसरा आकडा व्यापाऱ्याने लाल शाईने अधोरेखित करावा. मालाचा मालकही यात आला. जहाज कोणाचे, कसले, किती जुने, हे न पाहता केवळ स्वस्त भाडे पाहून माल चढविला आणि तो माल समुद्रात प्रदूषण करून बसला, तर बोट आपल्याकडेही वळू शकते. पहिल्या आकड्याविषयी इतकेच म्हणतो की हुकूमनामा मिळणे आणि रक्कम गल्ल्यात येणे यांतले अंतर दिवाणी कोर्टात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि येथे तर जहाज समुद्राच्या तळाशी गेले होते. जप्त काय करणार? 2012 मध्ये केंद्राने नियम केले, की जहाजाने आपल्या बंदरात शिरण्यापूर्वीच विम्याचा पुरावा दाखवावा. उशिरा का होईना, दोर आणला.

जहाजाला जप्ती

बुडालेले जहाज जप्त करता येत नाही; मालकाचे दुसरे करता येते. आपल्याकडे या अधिकाराची मोठी लढाई गोव्यातून निघाली. 1984 मध्ये मार्मागोव्याहून निघालेल्या एम. व्ही. एलिझाबेथ या जहाजाने गोव्याच्या एका कंपनीचा माल बिल ऑफ लेडिंग न घेताच परदेशात उतरवून दिला, असा दावा होता. तेच जहाज विशाखापट्टणमला आले तेव्हा हायकोर्टाच्या हुकुमाने अडविले. परदेशी जहाज अडविण्याचा अधिकार येथील कोर्टाला नाही, असे मालकाचे म्हणणे. सुप्रीम कोर्टाने 1992 मध्ये ते फेटाळले. तोवर आपली कोर्टे इंग्रजांच्या 1861 च्या कायद्यावर चालत होती. 2017 मध्ये संसदेने नवा ॲडमिरल्टी कायदा केला. त्यात पर्यावरणाच्या नुकसानीसाठीही जहाज अटक करता येते, आणि त्याच मालकाचे दुसरे जहाजही अटक करता येते.

हा कायदा किती धारदार आहे ते केरळने दाखविले. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ लायबेरियाच्या झेंड्याचे एमएससी एल्सा-3 बुडाले. 640 कंटेनर, सुमारे 367 टन इंधन तेल, 84 टन डिझेल. प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे किनाऱ्यावर पसरले. केरळ सरकारने निकालाची वाट पाहत बसण्याऐवजी हायकोर्टात 9,531 कोटींचा दावा लावला आणि विळिंजम बंदरात आलेले एमएससी अकितेता-2 हे जहाज जुलै 2025 मध्ये अटक करविले. जहाज कंपनीने दाव्याला हरकत घेतली. सप्टेंबर 2025 मध्ये कोर्टाने तारणाची रक्कम सुमारे 1,227 कोटींवर आणली. रक्कम घटली हे खरे, पण 2010 शी तुलना करा. चित्राच्या वेळी भरपाईची चर्चा होत राहिली. येथे दीड महिन्यात समोरच्याचे जहाज हातात होते. आमचे मत स्पष्ट आहे : महाराष्ट्रानेही पुढच्या वेळी पत्रव्यवहारात वेळ न घालवता असेच करावे. त्यासाठी कोळी बांधवांच्या नुकसानीचे पंचनामे, बंद राहिलेल्या दिवसांचा हिशेब, तेलाचे नमुने हे सारे पहिल्या आठवड्यातच गोळा झाले पाहिजे.

आपल्या पेटीत काय आहे?

आता आपल्या गल्ल्याचे. जहाज संकटात सापडले आणि ते वाचविण्यासाठी खर्च झाला, तर तो खर्च एकट्या जहाजमालकाचा नसतो. ज्यांचा ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी तो वाटून घ्यायचा. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. समजा जहाज 80 कोटींचे आणि माल 120 कोटींचा, मिळून 200 कोटी. वाचविण्याचा खर्च 20 कोटी आला, म्हणजे दहा टक्के. आपल्या 30 लाखांच्या कापडावर 3 लाख बसले. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते आणि माल सुटतो. नसेल तर रोख ठेव भरेपर्यंत कंटेनर मिळत नाही. संस्था-क्लॉजपैकी सर्वांत स्वस्त असलेल्या सी क्लॉजमध्येही ही वाटणी धरलेली आहे. थोड्या हप्त्याची बचत करून विमा टाळणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. सांडलेल्या तेलाची भरपाई मात्र या वाटणीत येत नाही. 1994 च्या यॉर्क-अँटवर्प नियमांनी ती बाहेर ठेवली आहे. कोणी एजंट तसे बिल दाखवील तर आधी विमा कंपनीला विचारावे.

याहून गंभीर बाब आहे खोट्या वर्णनाची. मे 2021 मध्ये एक्स-प्रेस पर्ल या जहाजावरील कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळू लागले. कतारच्या हमाद बंदराने आणि आपल्या हजिरा बंदराने तो उतरवून घेतला नाही. जहाज कोलंबोपुढे पेटले आणि जूनमध्ये बुडाले. सुमारे 1,700 टन प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात गेले. जुलै 2025 मध्ये तेथील सुप्रीम कोर्टाने जहाज कंपनी आणि इतरांवर 100 कोटी डॉलर भरपाई बसविली. सुरुवात एका गळक्या पेटीने झाली होती.

आम्ही ॲसिड पाठवीत नाही, असे कापडवाले म्हणतील. पण रंगाईत रोज लागणारा हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, हवेतील ओलाव्याने आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गात आहे. ब्लीचिंगची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर कित्येक जहाजांच्या आगींना कारण झाली आहे. अल्कोहोलचे सेंट ज्वालाग्राही द्रवात मोडते. इतकेच नव्हे, ओला कापूस आणि लूमच्या तेलाने माखलेला कापसाचा वेस्टदेखील धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आपोआप पेटणाऱ्या वर्गात नोंदलेला आहे. यंत्रमागाखालची तेलकट झाडलोट गच्च दाबून गाठी बांधल्या आणि नुसते कॉटन वेस्ट लिहिले, की कागद खोटा झाला. भाडे वाचावे म्हणून असे लिहा, असे सुचविणारे एजंट बाजारात भेटतात. सागरी मालवाहतुकीचा 1925 चा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला, तरी तत्त्व तेच आहे : वाहकाला न कळविता धोकादायक माल चढविला तर त्यातून होणारे सर्व नुकसान माल पाठविणाऱ्याच्या अंगावर, आणि कप्तानाने तो माल दर्यात फेकून दिला तरी भरपाई नाही. विमा कंपनीही अशा वेळी पाठ फिरविते.

म्हणून रसायन, सेंट, रंग किंवा तेलकट वेस्ट पाठविताना उत्पादकाकडून त्या मालाचे सुरक्षा पत्रक मागून घ्यावे, युएन नंबर त्यावरून पाहावा आणि धोकादायक मालाचा जाहीरनामा स्वतः वाचून सही करावी. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाकडे देण्याची सवय भिवंडीपासून मस्जिद बंदरापर्यंत सगळीकडे आहे. त्या जाहीरनाम्यावर नाव माल पाठविणाऱ्याचे असते, एजंटाचे नसते. त्याची एक प्रत बिल ऑफ लेडिंगसोबत फाइलला लावून ठेवावी.